झॉक्साइड: डिरेक्टरी बदलण्याचं काम शेलकडेच ठेवणारं टूल

झॉक्साइड हे रस्टमध्ये लिहिलेलं, एमआयटी लायसन्सचं मोफत टूल आहे. टर्मिनलमध्ये आपण ज्या डिरेक्टरींत जातो त्यांची ते नोंद ठेवतं. पुढच्या वेळी `झेड` लिहून नावाचा एखादा तुकडा दिला, की थेट तिथे पोचता येतं. एवढं काम ऑटोजंप हे दुसरं टूलही करतं. झॉक्साइड कुठे सरस ठरतं आणि कुठे फसतं, हे समजायला आधी एक गोष्ट पक्की असावी लागते: वर्किंग डिरेक्टरी (आपण सध्या उभे आहोत ती जागा) टर्मिनलच्या खिडकीची नसते, प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, स्वतःची असते.

शेल (आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा बॅशसारखा प्रोग्रॅम) एखादी बाहेरची कमांड चालवतो तेव्हा फोर्कने, म्हणजे स्वतःची नक्कल करून, चाइल्ड प्रोसेस तयार होते आणि तिला पेरेंटच्या वर्किंग डिरेक्टरीची प्रत मिळते. पुढे एक्झेकने दुसरा प्रोग्रॅम चढला तरी ती तशीच राहते. चाइल्डने सीएचडीआयआर ही सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला जागा बदलायची विनंती) केली तर बदलते ती फक्त तिची प्रत. ती प्रोसेस संपली की तो बदलही संपला. पेरेंट शेल होता तिथेच उभा. युनिक्सच्या पीडीपी-७ यंत्रावरच्या सुरुवातीच्या दिवसांत नेमकं हेच घडलं होतं आणि युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांनी ते लिहून ठेवलं आहे. फोर्क आल्यावर डिरेक्टरी बदलणारी कमांड अचानक चालेनाशी झाली, कारण ती आता चाइल्डमध्ये चालत होती. शेवटी ती शेलच्या आत घ्यावी लागली. म्हणून `सीडी` आजही शेलची बिल्ट-इन कमांड आहे. मॅकओएससारख्या काही सिस्टिम्सवर `सीडी` नावाची वेगळी एक्झिक्युटेबल फाइलही सापडते, पण ती चालवून आपला शेल हलत नाही.

झॉक्साइडची रचना हा नियम मान्य करून केलेली आहे आणि मला ती म्हणूनच आवडते. तिचे दोन भाग आहेत. `झॉक्साइड` नावाची बायनरी (एक्झिक्युटेबल फाइल) चाइल्ड म्हणून चालते, डेटाबेस वाचते, हिशोब करते आणि एक पाथ छापून संपते. `झेड` हे शेलमधलं फंक्शन आहे. ते छापलेला पाथ उचलतं आणि शेलच्या आतच बिल्ट-इन `सीडी` करतं. नोंद जुळली नाही तर बायनरी शून्येतर एक्झिट कोड देते आणि फंक्शन जागचं हलत नाही. `टाइप झेड` करून पाहा: ते नुसतं `__झॉक्साइड_झेड`ला हाक मारतं, आणि `टाइप __झॉक्साइड_झेड` केलं की खरं फंक्शन समोर येतं. काही मिनिटांत वाचून होईल एवढंच आहे, आणि वाचण्यासारखं आहे.

बसवताना होणाऱ्या चुका याच दोन भागांतून येतात. `.बॅशआरसी`च्या (बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलच्या) अगदी शेवटी `एव्हल "$(झॉक्साइड इनिट बॅश)"` ही ओळ टाकायची. `एव्हल` विसरलं आणि नुसतं `झॉक्साइड इनिट बॅश` चालवलं, तर फंक्शनचा मजकूर पडद्यावर छापला जातो. शेलमध्ये काहीच येत नाही. झेडएसएच या शेलमध्ये ही ओळ `कॉम्पइनिट`च्या नंतर हवी, नाहीतर टॅबने पूर्ण होणारी नावं मिळत नाहीत. फिश या शेलमध्ये `झॉक्साइड इनिट फिश`चं आउटपुट पाइपने `सोर्स`ला द्यायचं. ओळ फाइलच्या मध्येच राहिली आणि नंतरच्या कुणी प्रॉम्प्टची हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणारं फंक्शन) बदलली, तर नोंदी थांबतात. नव्या आवृत्त्या याबद्दल स्वतःहून इशारा देतात. तो बंद करण्यापेक्षा ओळ खाली सरकवावी.

ओळ `.बॅश_प्रोफाइल`मध्ये टाकली तर लॉगिन शेलमध्ये `झेड` मिळतं, पण तिथून `बॅश` लिहून उघडलेल्या दुसऱ्या शेलमध्ये मिळत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स एक्झेकनंतर टिकतात, साधी फंक्शन्स टिकत नाहीत. कंसातल्या सबशेलची गोष्ट निराळी आहे: तिथे फोर्क होतो, एक्झेक होत नाही. त्यामुळे `(झेड एपीआय && मेक)` व्यवस्थित चालतं आणि कंस संपल्यावर आपण मूळ जागीच असतो. कामापुरतं आत जाऊन बाहेर यायची ही सगळ्यात स्वच्छ पद्धत. `सुडो झेड` मात्र चालणार नाही, कारण सुडो (दुसऱ्या, सहसा रूट, वापरकर्त्याच्या हक्काने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) एक्झिक्युटेबल फाइल शोधतो आणि `झेड` ही फाइलच नाही. बॅशमध्ये `झेड एपीआय | कॅट` केलं तरी हलणार नाही, कारण पाइपचा प्रत्येक तुकडा सबशेलमध्ये चालतो.

सेटिंगची व्हेरिएबल्स देतानाही हेच भान हवं. वगळायच्या डिरेक्टरींची यादी `_झेडओ_एक्सक्लूड_डिर्स`मध्ये जाते. ती इनिटच्या ओळीआधी आणि `एक्स्पोर्ट` करूनच द्यावी, नाहीतर बायनरीपर्यंत पोचतच नाही. मुळात तिच्यात फक्त होम डिरेक्टरी असते. आपण नवी यादी दिली की ती जुनीची जागा घेते, तेव्हा होम वगळलेलं हवं असेल तर तेही पुन्हा लिहावं लागतं.

आता गुणांकन. नवी डिरेक्टरी १ गुणाने सुरू होते आणि प्रत्येक भेटीला १ वाढतो. शोधाच्या वेळी ताजेपणा मोजला जातो: शेवटची भेट तासाभरातली असेल तर गुणांची चौपट, दिवसभरातली असेल तर दुप्पट, आठवड्यातली असेल तर निम्मे आणि त्याहून जुनी असेल तर पाव. सगळ्यांची बेरीज १०,०००च्या वर गेली की सर्वांचे गुण त्याच प्रमाणात घटवले जातात आणि १च्या खाली गेलेल्या नोंदी गळतात. ही मर्यादा `_झेडओ_मॅक्सएज`ने बदलता येते, पण तशी गरज क्वचितच पडते. कुठल्या डिरेक्टरीला किती गुण आहेत हे `झॉक्साइड क्वेरी -एल -एस` दाखवतं. चुकीच्या जागी उडी पडली की पहिल्यांदा हेच पाहावं, आणि नको असलेली नोंद `झॉक्साइड रिमूव्ह`ने काढून टाकावी.

जुळवणीचे नियम थोडे आणि कडक आहेत. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. दिलेले सगळे तुकडे पाथमध्ये त्याच क्रमाने यावे लागतात, आणि शेवटचा तुकडा पाथच्या शेवटच्या भागात सापडावाच लागतो. `झेड शॉप एपीआय` म्हटलं तर `शॉप/एपीआय` सापडेल, `एपीआय/शॉप` नाही. `एसआरसी`, `टेस्ट`, `बिल्ड` अशा प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असणाऱ्या नावांसाठी दोन तुकडे देण्याची सवय लावून घ्या. शिवाय दिलेल्या नावाची डिरेक्टरी चालू जागीच असेल तर गुण न पाहता `झेड` सरळ तिच्यात जातं. एफझेडएफ (यादीत शोधून निवडण्याचं टूल) बसवलेलं असेल तर `झेडआय` जुळणाऱ्या नोंदींची यादी दाखवतं आणि आपण निवडायचं.

नोंद कधी होते यात शेलनुसार फरक आहे. झेडएसएचमध्ये डिरेक्टरी बदलताक्षणी हुक चालते. बॅशमध्ये ती प्रॉम्प्ट छापताना चालते आणि मागच्या प्रॉम्प्टपासून जागा बदलली आहे का एवढंच पाहते. म्हणून एकाच ओळीत `सीडी`ने दोनदा हललं तर बॅशमध्ये फक्त शेवटच्या जागेची नोंद होते.

खरी अडचण येते ती पाथ हा मजकूर आहे आणि वर्किंग डिरेक्टरी मजकूर नाही, यामुळे. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रत्यक्ष डिरेक्टरीचा संदर्भ धरून ठेवतो. शेल मात्र `पीडब्ल्यूडी` या व्हेरिएबलमध्ये नाव लक्षात ठेवतो, आणि झॉक्साइडला मिळतं ते हे नाव. समजा तुम्ही `बिल्ड` डिरेक्टरीत आहात आणि दुसऱ्या टर्मिनलमधून कुणीतरी ती पुसून त्याच नावाने नवी केली. तुमचा शेल अजून जुन्या, पुसलेल्या डिरेक्टरीत उभा आहे. `एलएस` रिकामं दिसतं, नवी फाइल करता येत नाही, नवा शेल उघडला तर `गेटसीडब्ल्यूडी`ची एरर येते. अशा वेळी `झेड बिल्ड` उपयोगाचं नाही. झॉक्साइड शोधातून चालू पाथ वगळतं आणि नाव तेच असल्यामुळे नवी डिरेक्टरीही वगळली जाते. तिच्याऐवजी भलत्याच प्रोजेक्टच्या `बिल्ड`मध्ये उडी पडू शकते. उपाय सोपा आहे: `सीडी "$पीडब्ल्यूडी"`. प्रोसेस खरोखर कुठे उभी आहे हे `पीडब्ल्यूडीएक्स`ला प्रोसेस क्रमांक दिला की कळतं. पुसलेल्या डिरेक्टरीच्या नावापुढे तिथे तशी खूणही दिसते.

सिमलिंकचंही (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या नावाचंही) असंच. एकाच डिरेक्टरीला दोन वाटांनी गेलात तर दोन नोंदी होतात आणि गुण विभागले जातात. `_झेडओ_रिझॉल्व्ह_सिमलिंक्स`ला १ दिलं की प्रत्यक्ष पाथच नोंदला जातो. सिमलिंक मुद्दाम छोट्या नावासाठी केल्या असतील तर मात्र ते नाव शोधातून जातं, तेव्हा विचार करून लावावं.

पॉवरशेलमध्ये आणखी एक पदर आहे. तिथे `सेट-लोकेशन` शेलची जागा बदलतं, पण पॉवरशेलच्या स्वतःच्या प्रोसेसची वर्किंग डिरेक्टरी बदलत नाही. बाहेरचे प्रोग्रॅम नव्या जागी सुरू होतात, पण डॉट नेटच्या फाइल मेथडला सापेक्ष पाथ दिला तर ती जुन्याच जागी शोधते. `झेड`ने उडी मारल्यावरही हे तसंच राहतं. हा दोष झॉक्साइडचा नाही. डॉट नेटला नेहमी पूर्ण पाथ द्यावा.

इनिटला `--सीएमडी सीडी` देऊन `सीडी`च्याच जागी झॉक्साइड बसवण्याची सोय आहे, आणि अनेक जण ती आवर्जून सुचवतात. मी ती वापरू नका असं ठामपणे सांगेन. साध्या `सीडी`चा मोठा गुण म्हणजे डिरेक्टरी नसेल तर ती अपयशी ठरते. `सीडी बिल्ड && आरएम -आरएफ *` ही ओळ घ्या. `बिल्ड` नसेल तर `सीडी` एरर देते, `&&` तिथेच थांबतं आणि काहीही पुसलं जात नाही. झॉक्साइड बसवलेली `सीडी` मात्र `बिल्ड` समोर नाही म्हणून डेटाबेसमध्ये शोधेल, दुसऱ्याच प्रोजेक्टच्या `बिल्ड`मध्ये जाईल, यशाचा कोड देईल आणि पुढची कमांड तिथलं सगळं पुसेल. अंदाजाने जाण्यासाठी `झेड`, नेमकं जाण्यासाठी `सीडी`, अशी दोन नावं वेगळी ठेवलेली बरी. मुळात झॉक्साइड हे तसंच देतं, आणि ते योग्य आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. हुक डिरेक्टरी बदलल्यावरच बायनरी चालवते. `--हुक प्रॉम्प्ट` निवडलं तर मात्र प्रत्येक प्रॉम्प्टला एक चाइल्ड प्रोसेस सुरू होते, आणि त्यातून मिळत काही नाही. `गिट -सी`, `मेक -सी`, `टार -सी` (तिन्हीत कॅपिटल सी) यांना डिरेक्टरी थेट देता येते, तेव्हा एकाच कमांडसाठी जागा बदलायची गरजच नसते.

स्क्रिप्टमध्ये `झेड` मिळत नाही, कारण `.बॅशआरसी` तिथे वाचली जात नाही. त्यावर तोड म्हणून `सीडी "$(झॉक्साइड क्वेरी एपीआय)"` लिहिलेलं आढळतं. यात शोध फसला तर `सीडी`ला रिकामी स्ट्रिंग मिळते, आणि बॅशच्या अनेक आवृत्त्यांत ती एरर न देता जागच्या जागी राहते. मग स्क्रिप्टचा उरलेला भाग चुकीच्या डिरेक्टरीत चालतो. लिहायचंच असेल तर आधी `डिर=$(झॉक्साइड क्वेरी एपीआय) || एक्झिट १` आणि मग `सीडी -- "$डिर" || एक्झिट १`. तरीही उत्तर त्या दिवशीच्या गुणांवर ठरणार, म्हणून दुसऱ्या कुणाच्या मशीनवर किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सेवेत) चालणाऱ्या स्क्रिप्टला पूर्ण पाथच द्या.