सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेची बेळगाव शाखा: सभासदत्व घ्यावं का?

टिळकवाडीत माझं स्ट्रक्चरल डिझाईनचं छोटं ऑफिस आहे. मूळची मी खानापूरकडची. नवीन पोरं-पोरी प्रॅक्टिस सुरू करतात तेव्हा हमखास विचारतात, "मॅडम, त्या असोसिएशनची मेंबरशिप घेऊ का? काय उपयोग होतोय त्याचा?" तोंडी सांगत आले, आता लिहूनच ठेवते. घ्या. पण फी भरून पावती फाईलला लावणार असाल तर नका घेऊ. त्या पैशात काँक्रीटचे क्यूब (ताकद बघायचे नमुना ठोकळे) तपासून घ्या, एखाद्या साइटचं तरी भलं होईल.

बेळगावात सिव्हिलवाल्यांच्या एकाहून जास्त संघटना आहेत. मी कोणत्या शाखेत आहे ते लिहीत नाही. पुढं काही तक्रारीही मांडणार आहे, आणि त्या वाचून एकाच नावावर शिक्का बसावा अशी माझी इच्छा नाही.

या शाखेची गरज कुणाला आहे, ते आधी सांगते. पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या ऑफिसात ज्युनिअरनं काढलेलं ड्रॉइंग सीनिअर तपासतो, त्याच्यावर आणखी कुणी नजर टाकतं, मग ते साइटवर जातं. आपल्याकडं आर्किटेक्टचा प्लॅन येतो, डिझाईन मी करते, तपासते मीच, सही माझीच, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो सेंट्रिंगवाल्याच्या मोबाईलवर गेलेला असतो. गच्चीवरच्या टाकीचं वजन धरलं का, बाल्कनीचं वरचं स्टील वरच दाखवलंय का, हे विचारणारं दुसरं माणूस वाटेत कुठंच नसतं. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही एकट्यानं काम करणाऱ्याची हीच गत. ही दुसरी नजर मिळणं हाच माझ्या मते सभासदत्वाचा खरा फायदा. बाकी सगळं वरकड.

दाखल होणं अवघड नाही. फॉर्म, डिग्रीची झेरॉक्स, दोन जुन्या सभासदांच्या सह्या, झालं. ओळखीचं कुणी नसेल तर आधी एखाद्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जा, सह्या तिथंच मिळून जातात. वर्षाची फी एका घराच्या माती परीक्षणाहून कमी पडते. आजीव सभासदत्व मात्र घाईनं घेऊ नका, वर्षभर बघा आणि मग ठरवा.

आता व्याख्यानांबद्दल. शाखेचं नाव काढलं की लोकांना हेच आठवतं, आणि दर्जा सगळ्यात डळमळीत यांचाच. बरीच व्याख्यानं सिमेंट, सळी नाहीतर वॉटरप्रूफिंगच्या कंपन्यांच्या खर्चानं होतात. हॉल त्यांचा, जेवण त्यांचं, मग बोलणाराही त्यांचाच. सुरुवातीला थोडा विषय असतो आणि पुढं माल. रासायनिक लेप कधी लावायचा हे सांगतात, कधी लावू नये हे कुणी सांगत नाही. प्रश्न विचारला तर "आमचा साइट इंजिनिअर येऊन बघेल" असं उत्तर येतं. निमंत्रणावर प्रायोजक कोण आणि बोलणार कोण, हे दोन्ही वाचून जायचं की नाही ते ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच हॉलमध्ये एका संध्याकाळी एम-सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, ऐकलेलं व्याख्यान मात्र आजही रोज उपयोगी पडतं. बोलणारे इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी टेबलावर काचेच्या तीन सारख्या बरण्या ठेवल्या. एकीत नदीची वाळू, दुसरीत चांगली एम-सँड, तिसरीत क्रशरची भुकटी. तिन्हींत पाणी ओतलं, हलवल्या आणि बोलत राहिले. अर्ध्या तासानं तळाशी वाळू बसली होती आणि तिच्यावर गाळाचा थर. नदीच्या वाळूवर तो अगदी बारीक, एम-सँडवर जरा जाड, आणि भुकटीच्या बरणीत तर वाळू कुठं संपते आणि धूळ कुठं सुरू होते हेच कळेना. मग त्यांनी कोड, म्हणजे भारतीय मानकाचं पुस्तक, उघडला. आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीत 75 मायक्रॉनखालची धूळ नैसर्गिक वाळूत 3 टक्क्यांपर्यंत चालते, दगड फोडून केलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत. म्हणजे नदीच्या वाळूची जुनी सवय धरून बसलेला मिस्त्री चांगली एम-सँड "धूळ हाय" म्हणून परत पाठवतो, आणि स्वस्त मिळते म्हणून एखादा कंत्राटदार नुसती भुकटी एम-सँडच्या नावावर खपवतो. दोन्ही माझ्या साइटवर होत होतं. आता चाळणीचा रिपोर्ट आल्याशिवाय मी ट्रॅक्टर उतरवू देत नाही.

पण माझी फी खरी वसूल होते ती ड्रॉइंगच्या बैठकीत. तिला ना हॉल ना जेवण, निमंत्रणपत्रिकाही नाही. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात सात-आठ जण जमतात. प्रत्येकानं चालू कामाचं एक ड्रॉइंग आणायचं, मालकाचं नाव आणि पत्ता झाकून. टेबलावर पसरायचं आणि बाकीच्यांनी बोटं ठेवायची.

तिथली एक गोष्ट सविस्तर सांगते. माझं बहुतेक काम खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातलं. पाऊस प्रचंड, पण माती तांबडी आणि खाली जांभा, त्यामुळं पायाची फारशी काळजी नसते. बैलहोंगलच्या बाजूचं एक मजली घर आलं तेव्हा मात्र सगळी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि घराला वर्षातून दोनदा हलवते. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे हे मला माहीत होतं. आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात सगळं दिलेलं आहे: जाड थर असेल तर लांबी जमिनीखाली निदान 3.5 मीटर, आणि प्लिंथ बीम (जोत्याचा, भिंती पेलणारा बीम) मातीपासून कमीत कमी 80 मिलिमीटर वर मोकळा. ड्रॉइंग तसंच काढून मी बैठकीला नेलं.

सौंदत्ती भागात आयुष्य काढलेले एक ज्येष्ठ सभासद होते. घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठीत. त्यांनी पाइलकडं बघितलंसुद्धा नाही. त्या 80 मिलिमीटरवर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, ही जागा साइटवर राहणार कशी? गवंडी खाली मुरूम टाकतोय, त्याच्यावर बीम ओततोय. मुरूम तिथंच राहिला की माती फुगली, बीम उचलला, भिंत फुटली. तुझी सही त्या भिंतीवर हाय की." मग पेन्सिल घेऊन त्यांनी मार्जिनमध्ये काढून दाखवलं. बीमखाली सैल वाळू भरायची, बीम झाल्यावर ती उकरून काढायची, आणि बाहेरची माती परत आत घसरू नये म्हणून कडेनं विटेचा एक थर उभा करायचा. वाळू काढली हे स्वतः वाकून बघितल्याशिवाय प्लिंथ भरायला परवानगी द्यायची नाही, असंही बजावलं. तो कोपरा मी ड्रॉइंगवर स्वतंत्र डिटेल म्हणून घातला, मराठी-कन्नड दोन्हीत टीप लिहून. कन्नड टीप त्यांनीच लिहून दिली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी विचारल्यावर रागावले.

असं ड्रॉइंग उघडं करायला सगळे तयार नसतात. धंद्यातली चढाओढ आहे, आपलं डिझाईन दुसरा उचलेल अशी भीती आहे, आणि स्टील किती किलो बसतं यावर कामं मिळतात-जातात हेही खरं. म्हणून या बैठकीला तेच तेच चेहरे दिसतात. पण जे येतात त्यांच्या कामात झालेला फरक मी बघितलाय. कॉलमच्या सळ्यांचा जोड स्लॅबला लागूनच घ्यायची आपल्याकडची सवय या टेबलावर बऱ्याच जणांची सुटली. जोड कॉलमच्या उंचीच्या मधल्या भागात घ्यायचा, हे आता नवीन पोरंसुद्धा बिनचूक काढतात.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे गवंडी आणि बार बेंडर (सळ्या वाकवणारे) यांच्यासाठी घेतला जाणारा वर्ग. या कामात मी स्वतः उतरले आणि तेव्हापासून शाखा मला आपली वाटायला लागली. 2016 च्या आयएस 1893 या भूकंपाच्या कोडमध्ये बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि तिसऱ्या झोनपासून पुढं आयएस 13920 चे, म्हणजे भूकंपात टिकेल अशा सळ्यांच्या बांधणीचे, नियम पाळावे लागतात. पण साइटवर भूकंपाचं नाव काढलं की माणसं म्हणतात, ते तिकडं कोयनेला, किल्लारीला. 11 डिसेंबर 1967 आणि 30 सप्टेंबर 1993 या तारखा आम्ही फळ्यावर लिहितो. आलेल्या वयस्क मिस्त्र्यांना किल्लारीची ती पहाट अजून आठवते, आणि मग वर्ग आपोआप गप्प होतो.

शिकवायचा मुद्दा एकच ठेवलाय: रिंगचा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधायच्या कड्याचा, हूक. एरवी रिंगचं टोक काटकोनात वाकवून सोडतात, कारण तसं पटकन होतं. आम्ही कॉलमचे दोन सांगाडे बांधून आणतो, एकाच्या रिंगा 90 अंशांत वाकवलेल्या, दुसऱ्याच्या 135 अंशांत, टोक आत गाभ्यात वळवलेलं. मग पहार देतो आणि म्हणतो, उघडा. काटकोनातली रिंग एका हिसक्यात सुटते. दुसरीला चार जण लागले तरी सळी वाकते, हूक सोडत नाही. वडगावच्या एका बार बेंडरनं ती रिंग हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "मॅडम, हे आम्हाला आत्तापर्यंत कुणी का सांगितलं नाही?" त्याला ड्रॉइंगवर 135 लिहिलेलं अनेकदा मिळालं असणार. हातात रिंग पहिल्यांदाच कुणी दिली.

2019 च्या ऑगस्टमधल्या पावसानं जिल्ह्यात मातीच्या भिंतींची किती घरं पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जुनं घर राहण्याजोगं आहे का, हे घरच्यांनाच बघता यावं म्हणून शाखेनं दोन्ही भाषांत एक पानाची तपासणी यादी केली: भिंतीचं पोट सुटलंय का, तळाशी ओल किती वर चढलीय, तुळईचं टोक भिंतीत कुजलंय का. ग्रामपंचायतीत, दूध डेअरीवर अशा जागी ती लावली. दरवर्षी मे महिन्यात ती नव्यानं वाटली पाहिजे. काही वर्षी हे काम मागं पडतं, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

आता बाकीच्या तक्रारी. पदं त्याच त्या माणसांत फिरतात, निवडणूक नावालाच होते. कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला म्हणून आठनंतर सुरू होतात आणि जेवण धरून दहा वाजतात. खानापूर रोडनं एकटीनं परत जाणाऱ्या बाईला ही वेळ सोयीची नाही. मी हे कमिटीत बोलले, तेव्हा काही जणांनी लगेच मान्य केलं आणि ड्रॉइंगची बैठक दुपारी आली. व्याख्यानं अजून तिथंच आहेत. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, त्यामुळं डिप्लोमा झालेले आणि साइट सांभाळणारे सुपरवायझर मागच्या रांगेत बसून उठून जातात, आणि खरं तर त्यांनाच याची गरज जास्त. व्हॉट्सॲप ग्रुप शुभेच्छांनी भरलेला असतो. म्यूट करा, फक्त सेक्रेटरींचे मेसेज बघा.

15 सप्टेंबरच्या इंजिनिअर्स डेला विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालून सत्कार सुरू होतात, ते संपता संपत नाहीत. ज्या माणसानं पुण्यात शिक्षण घेतलं आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, त्याच्या नावाचं विद्यापीठ आपल्या बेळगावजवळच्या मच्छेत आहे. त्या दिवशी तिथल्या पोरांना एखादी चालू साइट दाखवली तर तो दिवस कितीतरी जास्त शोभेल. मी हे लेखी दिलंय.

कामं मिळतील म्हणून येणार असाल तर थोडं थांबा. ओळखीनं कधीतरी एखादं काम येतं, मलाही आलंय, पण त्याच्या भरवशावर फी भरू नका. सरकारी दाखला, लायसन यासाठीही हे सभासदत्व लागत नाही. आणि ज्यांच्या ऑफिसात आधीच चार इंजिनिअर एकमेकांचं काम तपासतात, त्यांना इथं मिळेल त्याहून द्यावं लागेल जास्त. तशा लोकांनी जरूर यावं, आम्हाला ते हवेत.

नवीन येणाऱ्यानं पहिल्या महिन्यात व्याख्यानाला जाण्याआधी ड्रॉइंगच्या बैठकीला यावं. सोबत संपलेलं काम आणू नका, अजून न ओतलेल्या स्लॅबचं आणा, म्हणजे सांगितलेलं बदलता येतं. गवंड्यांचा पुढचा वर्ग पावसाळ्याआधी खानापुरात घ्यायचं ठरतंय. सांगाडे बांधायला दोन माणसं आणि कन्नडमधून समजावून सांगणारं एक जण कमी पडतंय. सभासद नसाल तरी चालेल, सेक्रेटरींना तसं कळवा.