जुनी कॅम्पर आणि कणकवलीजवळचे एक गॅरेज: वर्षभराच्या वापरानंतरचे मत

माझी बोलेरो कॅम्पर ही पिकअप 2010 सालची, फोर-व्हील ड्राइव्हची आणि 2523 सीसीच्या डिझेल इंजिनाची आहे. देवगड तालुक्यातील आमच्या आंब्याच्या बागेत ती बाराही महिने राबते. पावसाच्या तोंडावर खताची पोती, ऑगस्टच्या सुमारास कल्टार (मोहोरासाठी झाडाच्या मुळाशी द्यायचे औषध), मोहोराच्या दिवसांत फवारणीच्या पाण्याची टाकी आणि मार्चपासून हापूसचे क्रेट असा तिचा वर्षाचा क्रम आहे. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरून, बागेत उतरणारी वाट जांभ्याच्या कातळाची असून पुढे लाल मातीचा तीव्र उतार आणि शेवटी व्हाळ (ओढा) लागतो. मागच्या पावसाळ्यात गाडी या उतारावर दोनदा अडकली, तेव्हा तिला डोंगरवाटेसाठी व्यवस्थित तयार करून घ्यावी असे ठरवून मी ती ऑक्टोबरात कणकवलीजवळ महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये दिली. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हंगाम गाडी वापरून झाल्यावरच हे मत लिहीत आहे.

जाताना माझ्याकडे मागण्यांची यादी तयार होती: गाडी तीन इंच उंच करणे, मोठे मड टायर, छतापर्यंत जाणारा स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आणि आधीच्या मालकाने पुढे बसवलेल्या पाइपच्या गार्डाऐवजी अधिक भक्कम गार्ड. मेस्त्रींनी यादी शांतपणे ऐकून घेतली, गाडी खड्ड्यावर घेतली आणि म्हणाले, “आधी खालची हाडां बघया, मगे उंचीचा काय ता बोलया.” त्यानंतर जवळपास तासभर ते हातोडीने चॅसी ठोकत होते. चांगले लोखंड खणखणीत वाजते आणि कुजलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे चॅसीला जोडलेले असतात तिथे दोन्ही बाजूंना बद्द आवाज आला आणि डाव्या बाजूला हातोडीचे टोक आत गेले. हीच गाडी उंच करून, वर मोठे टायर चढवून मी त्या उतारावर घातली असती, तर भरलेल्या टाकीसह मागचा पाटा निखळला असता.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा हा खरा रोग आहे. खाऱ्या वाऱ्यातील मीठ लोखंडावर बसते, लाल माती चॅसीच्या कोपऱ्यांत साचून आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि चॅसीच्या पोकळ भागात गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, त्यामुळे वरचा रंग शाबूत दिसत असताना पत्रा आतून पातळ होत जातो. जुन्या गाडीवर गंज न काढता जाड रबरी लेप फासून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तो लेप ओलावा आतच कोंडतो आणि गंज झाकल्या जागी आणखी वेगाने वाढतो. या गॅरेजने तसे केले नाही. कुजलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढला आणि वर चार मिलिमीटरची प्लेट जोडली. प्लेटची टोके शंकरपाळ्यासारखी निमुळती ठेवली होती, कारण वेल्डिंगची रेघ चॅसीला सरळ आडवी गेली की नेमकी तिथेच पुढे चीर पडते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या होत्या, हे मी स्वतः पाहिले. सगळी चॅसी घासून झाल्यावर जस्ताचा प्रायमर, त्यावर चॅसी पेंट आणि पोकळ भागात पातळ मेण, असा क्रम होता. या कामाला सर्वांत जास्त दिवस लागले आणि माझ्या मते सर्वांत जास्त मोल याच कामाचे आहे.

उंचीविषयी मेस्त्रींनी जे समजावले ते प्रत्येक पिकअपवाल्याने ऐकण्यासारखे आहे. पाट्यांची कमान वाढवली किंवा लांब शॅकल (पाट्याला चॅसीशी जोडणारी कडी) टाकले, तर बॉडी वर जाते. पण डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा एक्सलवरच असल्यामुळे तो जमिनीपासून होता तितक्याच अंतरावर राहतो आणि कातळाच्या उंचवट्याला आधी तोच लागतो. त्याची उंची फक्त टायरच्या व्यासाने वाढते. माझ्या गाडीला 215/75 आर 15 हे टायर आहेत. त्याऐवजी 235/75 आर 15 घातले, तर व्यास 30 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियलखाली मिळतात जेमतेम 15 मिलिमीटर. त्या बदल्यात वेगाचा काटा सुमारे चार टक्के कमी दाखवू लागतो आणि भरलेली गाडी चढावर तेवढीच जड होते. शिवाय गाडी वाजवीपेक्षा उंच केली, तर एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याच्या सांध्यांचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) क्रॉस लवकर जातात. शेवटी टायरचे माप तेच ठेवून आम्ही नक्षी बदलली. मड टायरचे मोठे, विरळ ठोकळे चिखल छान फेकतात. परंतु शेवाळलेल्या ओल्या कातळावर आणि पावसातल्या डांबरी रस्त्यावर बारीक खाचांचा ऑल-टेरेन टायर अधिक पकड देतो, आणि आमच्या वाटेवर चिखलापेक्षा कातळ जास्त आहे. रिकामी गाडी व्हाळाकडे नेताना मी हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवतो आणि डांबरीवर चढण्यापूर्वी पुन्हा भरतो. गाडी भरलेली असेल तेव्हा मात्र हवा उतरवत नाही.

मागच्या पाट्यांना नवी कमान देऊन तुटलेला एक पाटा बदलला, बुश, शॅकलच्या पिना आणि यू-बोल्ट नवे घातले, चारही शॉकअप बदलले. जादा पाटा घालू नये, हाही सल्ला त्यांचाच. 500 लिटर पाण्याची टाकी म्हणजे 500 किलो वजन असल्याने मला तो हवासा वाटत होता. पण कमान परत आल्यावर गाडी टाकीसह समपातळीत उभी राहते आणि रिकामी असताना उसळत नाही.

स्नॉर्केल त्यांनी नाकारला. आमच्या व्हाळाला गाडी उतरते तेव्हा पाणी गुडघाभर असते आणि एअर फिल्टरची तोंडाची नळी त्याच्या पुष्कळ वर आहे. धोका निराळ्या ठिकाणी होता. गरम झालेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर (एक्सलमधल्या हवेची ये-जा होण्याचे तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. माझ्या मागच्या डिफरन्शियलचे ऑइल काढले तेव्हा ते दुधाळ निघाले. सील आणि ऑइल बदलून दोन्ही एक्सलच्या ब्रीदरना रबरी नळ्या जोडल्या आणि त्यांची टोके इंजिनच्या खोलीत उंचावर बांधली. खर्च अगदी किरकोळ. या पावसाळ्यानंतर मी ऑइल पुन्हा तपासले, ते स्वच्छ होते.

पुढचा गार्ड नवा बसवण्याऐवजी जुनाच काढून टाकला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चा भंग ठरवले आहेत, आणि नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. मालवाहू नोंदणीच्या जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेससाठी उभे राहावे लागते, तेव्हा ही बाब मेस्त्रींनी आधीच सांगितली याचे मला मोल वाटते. गार्डाच्या जागी चॅसीच्या टोकांना पुढे-मागे ओढण्याचे हूक बसवले. पुढचे वजन कमी झाल्याने स्टिअरिंगही हलके लागते.

क्लचचा पूर्ण संच बदलला. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्स्फर केस खोलून साफ केला आणि 4एल (चारही चाकांचा सावकाश, जोरकस गिअर) आता एका हाताने पडतो. गाडी परत देताना त्यांनी एक सूचना आवर्जून केली: कोरड्या कातळावर वळण घेताना 4एच (चारही चाकांचा नेहमीच्या वेगाचा गिअर) लावून ठेवू नये, कारण पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि चाक घसरायला जागा नसली की तो ताण शाफ्ट व गिअरवर येतो. डांबरी रस्त्यावर हे मी पाळत होतो, सड्यावर कधी पाळले नव्हते.

तक्रारी दोन आहेत आणि त्या लहान नाहीत. दिवाळीपूर्वी देण्याचे कबूल केलेली गाडी पाच आठवडे उशिरा मिळाली. कुजलेली चॅसी पाहिल्यावर वेळ वाढणार हे मी समजू शकतो, पण दर वेळी फोन मलाच करावा लागला आणि मोहोराची पहिली फवारणी भाड्याच्या गाडीवर करावी लागली. बागायतदाराला नोव्हेंबरमधला एक आठवडाही परवडत नाही. दुसरी तक्रार कामाची आहे. पोकळ चॅसीत मेण फवारताना डाव्या बाजूची पाणी निघण्याची दोन भोके बुजली होती आणि जूनमध्ये आत पाणी खळखळू लागले तेव्हा ते माझ्या लक्षात आले. गाडी नेल्यावर त्यांनी ती लगेच मोकळी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तरीही ज्या गॅरेजने गंजाचे एवढे काम केले, तिथे ही चूक व्हायला नको होती.

टायर धरून एकूण खर्च 1,14,000 रुपये आला. सुट्या भागांच्या पावत्या मिळाल्या, मजुरी मात्र एका ठोक आकड्यात लिहिली होती. कामागणिक मजुरी लिहून घ्यावी, असे जाणाऱ्यांना सुचवतो. दर्शनी सजावट, दिव्यांच्या रांगा किंवा उंच गाडी हवी असेल, त्यांची तिथे निराशा होईल. किनाऱ्यावर दहा-पंधरा वर्षे काढलेली पिकअप ज्यांना अजून चालवायची आहे, त्यांनी पाऊस संपताच गाडी तिथे न्यावी आणि हातात दोन महिने ठेवावेत. माझी गाडी या ऑक्टोबरात पुन्हा खड्ड्यावर जाणार आहे: चॅसी गोड्या पाण्याने धुऊन मेणाचा नवा हात द्यायचा आहे, आणि तेव्हा भोके मोकळी आहेत की नाहीत हे मी स्वतः तार घालून पाहणार आहे.