जुन्या एअर रायफलचे सुटे भाग: मागवायचे, करून घ्यायचे की दुसऱ्या रायफलचे काढायचे?

आयएचपी ३५ ही भारतीय बनावटीची एअर रायफल किंवा तसल्याच घडणीच्या जुन्या स्प्रिंग रायफलमध्ये (स्प्रिंगनं पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या) दम उरला नाही, तर कोल्हापुरात तीन मार्ग आहेत: तयार भाग मागवणं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेणं किंवा मोडीतली तशीच रायफल घेऊन तिचे काढणं. सगळ्या भागांना एकच मार्ग लावलात तर फसाल.

पिस्टनचा चामडी वायसर इथंच करावा. मागवलेला डायना या जर्मन कंपनीच्या रायफलच्या मापाचा येतो आणि आपल्या सिलिंडरचा व्यास किंचित वेगळा असला की ढिला बसतो नाहीतर अडकतो. सुभाषनगरात चपलांसाठीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं याला उत्तम. ३ ते ४ मिमी जाडीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून सिलिंडरच्या मापाच्या डायमध्ये (साच्यात) दाबा. वाटी झाली की सावलीत पूर्ण वाळू द्या, मग रात्रभर सिलिकॉन तेलात ठेवा. उन्हात वाळवला तर कडा चिरतात. इंजिन ऑइल तर अजिबात नको: दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं आणि वायसर, स्प्रिंग दोन्ही जातात.

स्प्रिंग नेमक्या मॉडेलची मिळाली तर मागवावी. करून घेताना नुसता जुना नमुना देऊ नका, तो दबून आखूड झालेला असतो. तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे लिहून द्या. ३ मिमी तारेचे ३६ वेढे म्हणजे पूर्ण दाबल्यावर १०८ मिमी. आत तेवढी जागा नसेल तर वेढे टेकतात, रायफल कॉकच होत नाही, म्हणजे स्प्रिंग मागे ओढून अडकवता येत नाही. गुंडाळल्यावर २५० अंशांवर अर्धा तास तापवून ताण काढला नाही, तर नवी स्प्रिंगही लवकर दबून आखूड होते. मुद्दाम जास्त कडक करू नका. २० ज्यूलच्या वर गेलात की परवाना लागतो.

ट्रिगरची सिअर, म्हणजे पिस्टन अडवून धरणारी खाच, मूळ किंवा दुसऱ्या रायफलचीच घ्या. लेथवर माइल्ड स्टीलची सुबक होते, पण पाणी न दिलेली (तापवून कडक न केलेली) कड झिजते आणि बोट न लावता बार सुटतो. मोडीतली रायफल घेण्याआधी व्हर्नियरनं पिनांचे व्यास जुळवा, सिअरची कड भिंगाखाली बघा.

खर्चाआधी एक तपासणी करा. पेलेट (छर्रा) भरून, नळी सुरक्षित दिशेला धरून बार काढा. त्याआधी ब्रीचच्या, म्हणजे नळी मागच्या टोकाला सिलिंडरला मिळते त्या, सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवा. ती उडाली तर आधी फक्त ब्रीचचा वायसर बदला.