ताज्या ग्रीसखाली झाकलेलं बेअरिंग: वापरलेल्या बोट ट्रेलरच्या व्यवहारातली फसवणूक

विकणाऱ्याचे शब्द होते, "बेअरिंग आणि सील आत्ताच बदललेत, काहीच बघायला नको." सोबत सर्व्हिसचं बिल होतं. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाची, टोपी काढली तर आत स्वच्छ निळं ग्रीस. ट्रेलर जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं, प्ले (सैलपणा) जवळजवळ शून्य. सौदा झाला. तासाभराच्या पहिल्याच प्रवासात उजवा हब हात लावता येणार नाही इतका तापला, आतल्या बेअरिंगची केज (रोलर जागेवर धरणारी जाळी) तुटली आणि चाक वरून आत झुकून मडगार्डला घासायला लागलं.

हब उघडल्यावर सगळा प्रकार कळला. बाहेरच्या बाजूच्या बेअरिंगवर नवं ग्रीस होतं. मागच्या, म्हणजे ट्रेलरच्या आतल्या बाजूच्या बेअरिंगवर दुधाळ तपकिरी राड होती: पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस. रोलरवर खड्डे, सीलची, म्हणजे पाणी रोखणाऱ्या रबरी कडीची, ओठपट्टी कडक होऊन चिरलेली, तिची बारीक स्प्रिंग गंजून तुटलेली. नट फिरू नये म्हणून घातलेली दोन पायांची स्प्लिट पिनही जुनीच, दोन्ही पाय गंजलेले. पिन काढल्याशिवाय हब निघत नाही, आणि निघालेली पिन नीट काम करणारा कोणी पुन्हा वापरत नाही. म्हणजे हब उघडलाच नव्हता. टोपी काढून पुढून ग्रीस भरलं होतं, इतकंच. दुसऱ्या हबची पिन मात्र वाकवून परत घातलेली दिसली, आणि तिथला कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) पान्याने करकचून आवळलेला होता.

हा नट आवळण्याचा प्रकार सगळ्यात घातक, म्हणून तो आधी नीट समजून घ्या. टेपर रोलर बेअरिंग झिजलं की चाकाला प्ले येतो. नट आवळला की रोलर कपमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीत, घट्ट बसतात आणि प्ले नाहीसा होतो. जॅकवर चाक हलवून बघणाऱ्याला वाटतं, बेअरिंग उत्तम आहे. पण आता रोलर आणि कप यांच्यावर सतत दाब असतो, ग्रीसचा थर टिकत नाही आणि रस्त्यावर लागताच धातू तापतो. त्यामुळे प्ले बघताना चाक फिरवूनही बघा. हाताने जोर दिल्यावर ते मोकळेपणी काही फेरे घेऊन थांबलं पाहिजे. जड फिरत असेल आणि ब्रेक घासत नसेल, तर नट संशयास्पद आहे. दाट नवं ग्रीस घरघरही दाबून टाकतं. म्हणून एक हात ट्रेलरच्या स्प्रिंगवर किंवा अ‍ॅक्सलवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू न येणारी खरखर बोटांना कळते.

मागचंच बेअरिंग आधी का जातं? प्रवासात हब गरम होतो, आतली हवा फुगते. तसाच हब थंड पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि मागच्या सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. खारं पाणी असेल तर ट्रेलर उभा असतानाही गंज वाढत राहतो, आणि कपवर रोलरएवढ्या अंतराने काळ्या रेषा उमटतात. पुढच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस मारून हे दुरुस्त होत नाही. स्प्रिंग लावलेल्या टोपीचा उपयोग आतला दाब किंचित जास्त ठेवून पाणी रोखण्यापुरता आहे. तिच्यातून दिलेलं ग्रीस मागच्या बेअरिंगपर्यंत पोचून जुनं ग्रीस बाहेर काढेल, हा समज चुकीचा. स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या अ‍ॅक्सलच्या टोकाच्या दांड्याच्या) टोकाला निपल आणि आतून भोक असेल, तर ग्रीस मागून पुढे येतं. तिथेही चाक फिरवत हातपंपाने हळूहळू भरायचं. भरलेल्या हबला पंपामागून पंप मारूनही पुढून काही येत नसेल तर थांबा. ते मागच्या सीलमधून ब्रेक ड्रममध्ये चाललंय, आणि ग्रीस प्यायलेले ब्रेकचे लायनर धुऊन कामाचे राहत नाहीत, बदलावेच लागतात.

पैसे देण्याआधी किमान एक हब उघडून दाखवायला सांगा. कोणता, ते तुम्ही निवडा. विकणाऱ्याला आवडो न आवडो, बेअरिंग बघण्याचा दुसरा मार्ग नाही. दुसऱ्या चाकाला अडण घाला, ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका. टोपी, स्प्लिट पिन (काही स्पिंडलवर पिनेऐवजी पत्र्याचा लॉक असतो), कॅसल नट, वॉशर, पुढचं बेअरिंग, मग हब सरळ बाहेर. मागचं सील उचकटून काढलं की आतलं बेअरिंग हातात येतं. काढलेलं सील परत बसवायचं नाही, म्हणून योग्य मापाचं नवं सील आणि पिन आधीच जवळ ठेवा.

ग्रीस पुसण्याआधी बघा. दुधाळ म्हणजे पाणी, काळं आणि जळका वास म्हणजे अति तापलेलं, चमचम करणारं म्हणजे धातूचा भुगा. ऑइल भरलेल्या हबला पारदर्शक खिडकी असते, तिथे दुधाळ तेल दिसलं तरी अर्थ तोच. मग रॉकेलने धुऊन वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका, रोलर उडून इजा होते. रोलरवर नख अडकेल असा खड्डा, सोललेला पापुद्रा, निळसर छटा, वाकलेली केज यांपैकी एक जरी दिसलं तरी ते बेअरिंग बाद.

"बेअरिंग नवीन" या शब्दांतही एक चोरी लपते. रोलरचा कोन (रोलर बसवलेली आतली कडी) नवा घालतात आणि हबमध्ये ठोकून बसवलेला जुना कप तसाच ठेवतात, कारण तो पितळी सळईने काढायला वेळ लागतो. जुन्या खड्ड्यांवर नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत. कप आणि कोन जोडीनेच बदलायचे असतात. दोन्हींवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा. उदाहरणार्थ एल ४४६४९ या कोनचा कप एल ४४६१०, आणि एल ६८१४९ चा कप एल ६८१११.

हेच नंबर अ‍ॅक्सलची खोटी क्षमताही उघडी पाडतात. उत्तर अमेरिकी घडणीच्या ३५०० पौंडी, म्हणजे सुमारे १५८८ किलोच्या अ‍ॅक्सलवर सहसा बाहेर एल ४४६४९ आणि आत एल ६८१४९ असतं. व्हर्नियरने स्पिंडल मोजलं तर बाहेर सुमारे २७ आणि आत सुमारे ३५ मिलिमीटर. दोन्हीकडे २७ च भरलं, तर ते हलक्या क्षमतेचं सरळ स्पिंडल समजा आणि अ‍ॅक्सलवरची क्षमतेची पाटी मागा. पाटी खरवडलेली किंवा रंगाखाली गेलेली असेल, तर सांगितलेल्या आकड्यावर बोट चढवू नका. बोटीचं वजन धरताना इंजिन, बॅटरी, पाणी आणि पेट्रोलही धरा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं.

स्पिंडलवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. बेअरिंग बसतं ती जागा निळी पडलेली किंवा खरवडलेली असेल तर अ‍ॅक्सलच बदलावा लागतो.

नवा काळा रंग दिसला की अ‍ॅक्सलखाली आडवे व्हा. स्प्रिंग बसते ती जागा आणि यू-क्लॅम्पखालचा भाग छोट्या हातोडीने टकटक करत तपासा. खणखणीत नाद म्हणजे पत्रा शाबूत. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर आत गंजाने खाल्लंय. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे गंज फुगून पाटे एकमेकांपासून उचललेले दिसतील, तेही रंगाने झाकतात. रबरवाल्या टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही बाजूंचं टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजा. एक बाजू खचलेली असेल तर आतलं रबर बदलून मिळत नाही, अख्खा अ‍ॅक्सल घ्यावा लागतो. टायर फक्त आतल्या कडेला झिजलेलं असेल तर अ‍ॅक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी. टायर नवं भासवलं असेल तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

ट्रेलर सर्व्हिसला देताना पिनेच्या एका पायाला आणि सीलच्या मागच्या कडेला रंगाचा बारीक ठिपका द्या, फोटो काढा. जुनी बेअरिंग, कप, सील आणि पिना परत हव्यात, हे आधीच कागदावर लिहून घ्या. ठिपका जागेवर आणि बिलात "सील बदलले", एवढा पुरावा पुरतो.

काम समोर होत असेल तर बसवणी बघा. ग्रीस बोट-ट्रेलरसाठीचं, क्रमांक २ घट्टपणाचं हवं. जातीचा पत्ता नसलेल्या जुन्या ग्रीसवर नवं मिसळू देऊ नका, सगळं धुऊन काढायला लावा. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, अरुंद बाजूने ते रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. वरवर चोपडलेलं चालत नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू आत. हब फिरवत नट सुमारे ६८ न्यूटन मीटरपर्यंत आवळून रोलर बसवायचे, मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करायचा आणि फक्त बोटांनी टेकवायचा. भोक जुळत नसेल तर जवळच्या खाचेपर्यंत नट मागे घ्यायचा, पुढे नाही. ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर प्ले राहिला पाहिजे. सीलबंद बेअरिंगच्या हबला ही पद्धत लागू नाही. तिथे नट एकदाच वापरायचा असतो आणि तो कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावरच) आवळतात.

पहिल्या १५ ते २० मिनिटांच्या फेरीनंतर, ब्रेक फार न वापरता थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट असणं ठीक. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर पुढे जाऊ नका. चाकाचे नटही तेव्हाच पुन्हा टॉर्कवर तपासा.

आणि फसवणूक झालीच असेल, तर हब उघडताना हात आवरा. टोपी, पिन, ग्रीसचा रंग, प्रत्येक भाग पुसण्याआधी जागेवरच फोटोत घ्या, बेअरिंगचे नंबर दिसतील असे जवळून. बिघडलेलं बेअरिंग आणि सील न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यावर तारीख आणि डावा-उजवा लिहा. धुतलेलं बेअरिंग किती जुनं, हे मागाहून कोणालाही सिद्ध करता येत नाही.