पहिला चाकू: ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स?

घडीच्या चाकूंचा संग्रह सुरू करायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासूनचा: बीचच्या लाकडाची मूठ, आठ नंबरच्या मापाला साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि ते अडकवणारी फिरती कडी, जी १९५५ मध्ये आली. कार्बन पोलादाचा घेतलात तर दोनचार लिंबं कापताच पात्यावर निळसर-करडी छटा चढते. संग्राहकाला नेमकं हेच हवं असतं. पण कोकणातल्या पावसाळ्यात तेलाचा हात फिरवायला विसरलात की गंज आलाच, वर लाकूड फुगून पातं मुठीत रुतून बसतं ते वेगळंच.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सला असले नखरे नाहीत. स्टेनलेस, शिवाय कात्री-ओपनर खिशात. लहान मॉडेलांचं पातं मात्र लॉक होत नाही, बोटं सांभाळा. रोजच्या वापराला हाच. संग्रहाचा श्रीगणेशा ओपिनेलने करा, धार लावायला हात त्यावरच बसतो.