लिपिडवर प्रोजेक्ट करायचाय, यीस्ट घ्यावं की हेपजी२?

एमएस्सीच्या डिसर्टेशनला पेशीतल्या लिपिडवर, म्हणजे चरबीसारख्या पदार्थांवर, काम करायचं ठरलंय पण पावाचं यीस्ट की माणसाच्या लिव्हर कॅन्सरपासून लॅबमध्ये वाढवलेल्या हेपजी२ पेशी यावर गाडी अडली असेल तर माझं मत आधीच सांगते, हातात चार-पाच महिनेच असतील तर यीस्ट घ्या.

यीस्ट ३० डिग्रीला साधारण ९० मिनिटांत दुप्पट होतं. हेपजी२ला दीड-दोन दिवस लागतात, वर ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, महागडा सीरम, पेशींना लागणाऱ्या मायकोप्लाझ्मा जंतूची धास्ती, आणि पेशी वेळापत्रक बघत नाहीत त्यामुळे रविवारीही लॅब गाठायची, बदलापूर-विरारवाल्यांनो मेगाब्लॉक आठवा. यीस्टची प्लेट फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात राहते.

पण खरी मजा जीन्समध्ये आहे. यीस्टचा जीनोम १९९६ मध्येच वाचून झाला, जीन्स सुमारे ६०००. आता पेशीत चरबी साठवणारे थेंब, म्हणजे लिपिड ड्रॉपलेट घ्या, डीजीए१ आणि एलआरओ१ हे जीन्स ट्रायग्लिसराइड बनवतात, एआरई१ आणि एआरई२ स्टेरॉल एस्टर (साठवणीतलं स्टेरॉल), चारही उडवले तर ड्रॉपलेट बनतच नाहीत आणि तरी यीस्ट जगतं! लिपिड वेगवेगळे करून दाखवणारी टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेट आयोडीनच्या बाटलीत ठेवली की नॉर्मल स्ट्रेनच्या लेनमध्ये सगळ्यात वर स्टेरॉल एस्टरचा पिवळा-तपकिरी डाग, त्याखाली ट्रायग्लिसराइडचा, आणि शेजारच्या म्युटंटच्या लेनमध्ये त्या दोन्ही जागा कोऱ्या. इतकं स्वच्छ उत्तर हेपजी२मध्ये एवढ्या वेळात मिळणं कठीण. आणि हे माणसापासून लांबचं कामही नाही, सीपिन नावाचं प्रोटीन बिघडलं की माणसाला लिपोडिस्ट्रॉफी (अंगावरची चरबी नाहीशी होण्याचा आजार) होते, यीस्टमध्ये तेच काढलं की ड्रॉपलेटचा आकार बिघडतो, आणि माणसाचं सीपिन घातलं की सुधारतो.

एक त्रास आहे, सेल वॉल चिवट असते, काचेचे मणी घालून व्हॉर्टेक्सवर नीट फोडल्याशिवाय लिपिड पूर्ण निघत नाही, इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

मात्र प्रश्न फॅटी लिव्हरचा, एलडीएलचा किंवा इन्सुलिनचा असेल तर यीस्टच्या नादी लागू नका. त्यात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असतं, स्वतःचे पॉलिअनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिड ते बनवत नाही, बीटा ऑक्सिडेशन (फॅटी ॲसिड तोडणं) फक्त पेरॉक्सिझोम नावाच्या पेशीतल्या कप्प्यात, रक्तातून चरबी वाहून नेणारं लिपोप्रोटीन तर नाहीच. तिथे हेपजी२च, ओलिक ॲसिड दिलं की पेशी ड्रॉपलेटने भरलेल्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. आणि तेल उत्पादनात रस असेल तर या दोन्हीपेक्षा यारोविया हे दुसरं यीस्ट बघा, कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त लिपिड साठवू शकतं.

यीस्ट ठरलं तर विषय लिहून द्यायच्या आधी गाइडना विचारा, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये हवे ते डिलीशन स्ट्रेन (एखादा जीन काढून टाकलेले यीस्ट) आहेत का, कारण नसतील तर मागवण्यात बराच वेळ जातो.