चार वर्षांचा फोन: सफाई, बॅटरी, रॉम की सरळ नवा?

नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) सुरू झाला की नागपुरात फोनच्या तक्रारी एकदम वाढतात. चार्जिंग मधेच थांबतं, कॅमेरा उघडायला वेळ लागतो, टच अडखळतो. बर्डी बाजारातला दुकानदार म्हणतो, "नवाच घ्या भाऊ." घरातलं इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणतं, "रॉम टाकून देतो." दोघांनीही फोन हातात घेऊन नीट तपासलेला नसतो.

इथे धरून चाललोय तो फोन असा: २०२१ च्या आसपास घेतलेला, मधल्या किमतीचा अँड्रॉइड, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५००० एमएएच बॅटरी. कंपनीचे अपडेट संपलेले किंवा संपत आलेले. मार्ग चार आहेत: आहे तेच सॉफ्टवेअर साफ करणं, बॅटरी बदलणं, बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप) उघडून कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली सिस्टिम) टाकणं, किंवा नवा फोन. यातला तिसरा मार्ग तुमच्यासाठी आहे की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरतं: तुमचं यूपीआय आणि बँकेचं ॲप याच फोनवर आहे का? असेल तर तो मार्ग सोडा. कारण पुढे येईलच.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी घड्याळाची. एकच काम, उदाहरणार्थ दहा मिनिटं मॅप्स किंवा व्हिडिओ कॉल, सकाळी ७ ला करून बघा आणि दुपारी ३ ला पुन्हा करा. सकाळी फोन ठणठणीत आणि दुपारी लुळा असेल, तर सॉफ्टवेअरचा दोष नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि बॅटरी तापली की चार्जिंग रोखते. त्या दोन्ही बचावाच्या सोयी आहेत. यावर कोणताही रॉम चालत नाही. चार्जिंगला लावताना कव्हर काढा, दुचाकीच्या होल्डरला लावून उन्हात नेव्हिगेशन आणि चार्जिंग एकत्र करू नका. (त्या होल्डरच्या थरथराटाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं.) तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणं हा तर शुद्ध आगाऊपणा. आत दव धरतं. कूलरच्या जाळीवर ठेवणंही तसंच, ती हवा ओली असते. पंख्याखाली, फरशीवर ठेवा, पुरे.

३० टक्क्यांवरून फोन अचानक बंद पडतो, किंवा चार्जरवर बरा आणि काढला की मंद, तर दुखणं बॅटरीचं. मागचं पॅनल एका कडेने उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. मग तुलना वाचत बसू नका, फोन बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या.

सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा. १२८ पैकी ११५ जीबी भरलेले असतील तर मंदपणाचं कारण तुमच्यासमोर आहे. फ्लॅश मेमरीला लिहिण्याआधी जागा मोकळी करावी लागते. मोकळे ब्लॉक कमी राहिले की प्रत्येक लिहिणं रेंगाळतं. साधारण पाचवा हिस्सा रिकामा ठेवा.

शेवटी "फोनविषयी" मध्ये सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या अपडेटची) तारीख बघा. वर्षभरापेक्षा जुनी असेल तर ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सफाई: खर्च शून्य, धोका थोडा

व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी. अँड्रॉइडवर तो आता गुगल खात्याच्या १५ जीबीतच मोजला जातो, म्हणून खातं भरलेलं असेल तर बॅकअप कधीच थांबलेला असू शकतो. शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी बघा.

मग बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ॲनिमेशनचे तिन्ही स्केल १ वरून ०.५ करा. फोन खरोखर वेगवान होत नाही, पण वाट बघणं कमी होतं, आणि हातात तेच जाणवतं.

खरी सफाई एडीबीने, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने. फोनवर यूएसबी डिबगिंग चालू करायचं, लॅपटॉपवर गुगलचे प्लॅटफॉर्म टूल्स उतरवायचे, आणि पॅकेज मॅनेजरची अनइन्स्टॉल आज्ञा "युजर शून्य" या पर्यायासह द्यायची. कंपनीने भरलेली जाहिरात सेवा, गेम सेंटर, न वापरलेलं ब्राउझर, दुसरं ॲप स्टोअर असं सगळं जातं. हे ॲप तुमच्या खात्यापुरतं निघतं, सिस्टिम पार्टिशनमध्ये मूळ प्रत राहतेच. म्हणून चूक झाली तर फॅक्टरी रीसेटने सगळं परत येतं. पण त्याचाच दुसरा अर्थ, याने स्टोरेज फारसं मोकळं होत नाही. रॅम आणि बॅटरी वाचते.

गडबड होते ती नेटवर मिळालेली पॅकेजची (ॲपची) यादी आंधळेपणाने चालवल्यावर. कंपनीचं होम स्क्रीन काढलं आणि दुसरं लाँचर टाकलेलंच नव्हतं, कीबोर्ड काढला आणि आता पासवर्ड टाकायला कीबोर्ड नाही, सिक्युरिटी ॲप काढलं आणि फोन लोगोवरच फिरत राहिला. एका बैठकीत पाच-सहा पॅकेज काढा, फोन रीस्टार्ट करा, कॉल लावून बघा, मग पुढचे. आणि काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा. ते चालू दिसले की आपल्याकडची बरीच बँक ॲप उघडतच नाहीत, आणि मग माणूस "सफाईने ॲप बिघडलं" म्हणून फोन रीसेट करून बसतो.

बूटलोडर बंदच असल्याने या मार्गात यूपीआयला धक्का लागत नाही. पण सिक्युरिटी पॅच जुना आहे तो जुनाच राहतो.

बॅटरी: सगळ्यात कमी चर्चेचा, बहुतेकांसाठी सगळ्यात फायद्याचा

चार वर्षांत रोज एक चक्र धरलं तरी हजाराच्या पुढे चक्रं झाली. त्यात विदर्भातला उन्हाळा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितीत गरम राहिली की सर्वांत लवकर थकते, आणि रात्रभर उशीखाली चार्जिंग म्हणजे नेमकं तेच.

मॉडेलप्रमाणे हजार ते अडीच हजारांच्या घरात काम होतं. अधिकृत केंद्रात आणि बर्डीच्या गल्लीत भावात फरक असतो, पण खरा फरक सुट्या भागाचा. आधी भाग दाखवायला सांगा. लेबलवर तुमच्या मॉडेलचा बॅटरी कोड, व्होल्टेज आणि उत्पादनाचा महिना बघा. दोन वर्षं दुकानात पडून असलेली "नवी" बॅटरी नवी नसते. आणि मूळ ५००० असताना लेबलवर ६००० एमएएच छापलेलं असेल तर घेऊ नका. त्याच मापाच्या जागेत एक हजार जास्त मावत नाहीत.

काम होताना समोर थांबा. मागचं पॅनल गरम करून गोंद मऊ करतात, मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कड सोडवतात. बॅटरीखाली धातूचा चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटताना दिसला की थांबवा. एक भोक पडलं तर धूर आणि आग. बॅटरी ओढायची पट्टी असते; तुटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून दोन मिनिटं थांबायचं असतं. घाई तिथेच महागात पडते. पॅनल परत चिकटवल्यावर धूळ-पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गेलं असं समजा. पावसाळ्यात फोन खिशात उघडा ठेवून हिंगण्यापर्यंत जाणं आता नको.

नवी बॅटरी बसल्यावर सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा असेल तर एप्रिल ते जून ती चालू ठेवा.

कस्टम रॉम: जिथे गोष्ट खरी रंगते

लिनिएजओएस हा मोफत रॉम डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजनमॉड हा जुना रॉम बंद पडल्यावर त्याच्यातूनच उभा राहिला. कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर नवं अँड्रॉइड आणि महिन्याचे पॅच मिळवण्याचा आजही हा सर्वांत भरवशाचा रस्ता. अट एकच: तुमच्या नेमक्या मॉडेलचं सांकेतिक नाव त्यांच्या अधिकृत यादीत हवं. नावात "प्रो" आहे की नाही, एवढ्याने सगळं बदलतं.

बूटलोडर उघडणं कंपनीवर अवलंबून. पिक्सेल, नथिंग यांना फास्टबूटची (लॅपटॉपवरून थेट बूटलोडरला दिलेली) एक आज्ञा पुरते. मोटोरोला संकेतस्थळावरून कोड देतं. शाओमीत खातं जोडून ठराविक काळ थांबावं लागतं आणि हायपरओएस (शाओमीची नवी सिस्टिम) आल्यापासून कम्युनिटी ॲपमधून परवानगीही घ्यावी लागते. विवोचा अधिकृत मार्गच नाही. सॅमसंगमध्ये बूटलोडर उघडून बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. परत मूळ सॉफ्टवेअर टाकूनही सिक्युअर फोल्डर येत नाही. वन यूआय ८ (सॅमसंगची सिस्टिम) पासून तर उघडण्याचा पर्यायच काढून टाकलाय.

उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. मग क्रम: रॉमच्या पानावर सांगितलेली मूळ फर्मवेअरची (फोनचे भाग चालवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आधी, मग रिकव्हरी (रॉम बसवणारा छोटा प्रोग्राम), मग फॅक्टरी रीसेट, मग साइडलोडने (लॅपटॉपवरून केबलने) रॉम. साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबलेला दिसला की घाबरून केबल काढू नका. काही फोनवर काम यशस्वी होऊनही आकडा तिथेच थांबतो. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. गुगलची ॲप हवी असतील तर त्यांचं पॅकेज पहिल्यांदा फोन सुरू होण्याच्या आधी टाकायचं. एकदा सुरू करून मग टाकलं तर ॲप सतत कोसळतात आणि पुन्हा पुसावं लागतं.

फर्मवेअरची पायरी गाळली तर सिम दिसत नाही किंवा फोन लोगोवर अडकतो. आणि सर्वांत महाग चूक म्हणजे रॉम टाकून "सुरक्षिततेसाठी" बूटलोडर पुन्हा लॉक करणं. बहुतेक फोन त्या क्षणी वीट होतात, म्हणजे सुरूच होत नाहीत. स्वतःच्या किल्लीने लॉक करू देणारे पिक्सेल आणि त्यावरचा ग्राफीनओएस हा रॉम, एवढा अपवाद.

आता यूपीआयचं. गुगलची प्ले इंटेग्रिटी ही तपासणी ॲपला सांगते की हा फोन भरवशाचा आहे की नाही. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर हे उत्तर हार्डवेअरमधल्या किल्लीवरून ठरतं, आणि सर्वांत वरचा दर्जा मिळवायला वर्षभरातला सिक्युरिटी पॅच लागतो. उघड्या बूटलोडरला ती साक्ष मिळत नाही. मॅजिस्क या रूट करणाऱ्या (फोनचा पूर्ण ताबा देणाऱ्या) साधनावर मॉड्यूल टाकून चुकवता येतं, पण ती मॉड्यूल बाहेर फुटलेल्या किल्ल्यांवर चालतात आणि गुगल त्या किल्ल्या रद्द करत राहतं. आज चाललेलं पेमेंट पुढच्या आठवड्यात भाजीवाल्यासमोर अडकतं. रूट करून बँकेचं ॲप चालवणं हा छंद आहे, सोय नव्हे.

आणखी एक आपल्याकडचा मुद्दा. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, आवाजही फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच जातो. रॉमवर व्होल्टी (फोरजीवरून कॉल) चालत नसेल तर जिओचं सिम असलेल्या फोनवर साधा कॉलही लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयला टूजीचा आधार असतो. शिवाय वाइडवाइनचा (ओटीटीच्या व्हिडिओवरच्या कुलपाचा) दर्जा बऱ्याच फोनवर एल१ वरून एल३ वर घसरतो, म्हणजे ओटीटी साधारण ४८० पीवर. आणि मूळ कॅमेरा ॲपची प्रक्रिया जाते.

मग रॉम कुणासाठी? घरात दुसरा फोन असलेल्यांसाठी. जुना फोन वायफाय कॅमेरा, मुलांचं वाचनयंत्र, गाडीतलं नेव्हिगेशन म्हणून आणखी काही वर्षं सुरक्षित चालतो. तिथे लिनिएजओएसला तोड नाही.

| | सफाई | बॅटरी | रॉम | नवा फोन |
|---|---|---|---|---|
| वेळ | एक संध्याकाळ | तास-दोन तास | एक-दोन दिवस, वर अनलॉकची वाट | डेटा हलवायला अर्धा दिवस |
| यूपीआय | चालू | चालू | बेभरवशाचं | पहिले २४ तास मर्यादा |
| सिक्युरिटी पॅच | जुनाच | जुनाच | नवा | नवा, वर्षं मोजून |
| बिघडलं तर | रीसेट | दुकान | तुम्ही आणि लॅपटॉप | वॉरंटी |

नवा घ्यायचाच तर

नव्या हँडसेटवर यूपीआय नोंदवलं की पहिले २४ तास ५००० रुपयांची मर्यादा असते. लग्नाच्या खरेदीच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

मेगापिक्सेलच्या आधी अपडेटची वर्षं बघा. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) पासून या दोन मालिकांना सात वर्षं मिळतात. गॅलेक्सी ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही सहा. जुन्या अँड्रॉइडला क्रोमनेही वाऱ्यावर सोडायला सुरुवात केलीय: ऑगस्ट २०२५ पासून नव्या क्रोमला अँड्रॉइड १० लागतं.

फोनच संगणक म्हणून वापरायचा विचार असेल तर पोर्ट तपासा. सॅमसंगचं डेक्स २०१७ पासून आहे, आणि अँड्रॉइड १६ च्या काळात गुगल त्याच धर्तीचा डेस्कटॉप मोड सगळ्या अँड्रॉइडसाठी तयार करतंय. पण स्वस्त फोनचं टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी २.० असतं आणि त्यातून मॉनिटरला चित्र जात नाही. खोक्यावर "डिस्प्लेपोर्ट" लिहिलंय का ते बघा. फोनवरच चालणाऱ्या एआयला रॅम लागते, म्हणून ८ जीबीच्या खाली जाऊ नका.

फोन आपल्या मर्जीने वापरण्याची मोकळीक मात्र आक्रसतेय. ज्यांची ओळख गुगलने पडताळलेली नाही अशा डेव्हलपरची ॲप बाहेरून टाकण्यावर सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये बंधनं येणार, २०२७ पासून इतर देशांत, असं गुगलने जाहीर केलंय. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही नंतर सांगितलंय. ज्यांना रॉम आणि बाहेरची ॲप खेळायची आहेत त्यांनी आज फोन घेतानाच बूटलोडर उघडतो का हे विचारावं.

बर्डीवर जुना पिक्सेल स्वस्तात मिळतोय असं वाटलं तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी तिथेच उभं राहून करा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "ओईएम अनलॉकिंग" (बूटलोडर उघडण्याची परवानगी) करडं आहे का बघा. नेट जोडूनही करडंच राहिलं तर तो बहुधा अमेरिकेतल्या मोबाइल कंपनीचा माल, त्यावर रॉम कधीच जाणार नाही. आणि स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय, त्याआधी केवायएम (KYM) आणि एक जागा सोडून, १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर फोन काउंटरवरच ठेवून बाहेर पडा.